पाठीमागचं बटण

नझीहकाका जेवायला येणार म्हणून शुक्रवारी सकाळपासून सब्बागांच्या घरात जी धावपळ चालली होती, तिच्यात स्वयंपाकघराचा वाटा निम्माच होता. उरलेली निम्मी बाहेरच्या खोलीत, दोन स्पीकर आणि एका अँप्लिफायरभोवती. चेरीच्या रश्शातला कबाब जमेल की नाही, कब्बे तळताना फुटतील की काय, असली काळजी कुणालाच नव्हती. आवाजाला ऊब येईल की नाही, एवढ्यावर घराची इज्जत येऊन थांबली होती.

"अजून थंडच आहे," मुंझिर म्हणाला. तो गालिच्यावर गुडघे टेकून एक स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढत होता. थोड्या वेळापूर्वी त्यानंच तो वीतभर मागे ढकलला होता.

"मला तर सकाळपासून एकसारखाच ऐकू येतोय," त्याची बायको सौसन दारातून म्हणाली.

"तुला तसाच येणार. तू दमास्कसची."

"हो बाई, आम्ही बापडे दमास्कसवाले. आमच्याकडे गाणं लागलं की लोक गाणं ऐकतात. भिंती मोजत बसत नाहीत."

मुंझिरनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. काचेवर आपटून आवाज टणक होतो, म्हणून आईचं काचेचं कपाट त्यानं आदल्या दिवशीच आतल्या बोळात नेऊन ठेवलं होतं. झोपायच्या खोलीतला गालिचा खिळे ठोकून भिंतीवर चढवला होता, खिडक्यांना जाड पडदे आले होते, आणि संगमरवरी टेबलावर जुनं ब्लँकेट पसरलं होतं.

"छतालाही एक रजई ठोक," सौसन म्हणाली, "आणि पाहुण्यांना एकेक पांघरायला दे. मग बघ कशी ऊब येते."

रुवैदा कॉफीचे पेले घेऊन आत येत होती. तिला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. मुंझिरची ही थोरली बहीण. लग्न झालं नाही आणि आईच्या मागे बापाचं घर तिनंच सांभाळलं, त्यामुळे या घरात कोणत्या वस्तूला कुणी हात लावावा हे ठरवायचा हक्क तिच्याकडे आपोआप आला होता.

"स्पीकर हवे तितके नाचव," ती म्हणाली. "अँप्लिफायरला मात्र हात लावू नको. बाबांना आवडत नाही."

"मीच बैरूतहून आणला तो, ताई. आणि मलाच सांगतेस?"

"आणलास तू. ऐकतात ते."

ऐकणं हा शब्द आला की या घरात सगळे गप्प होत. हलब, म्हणजे अलेप्पो, शहरात कुणी कापडाच्या धंद्यावर नाव काढलं, कुणी साबणाच्या, कुणी धर्माच्या. सब्बागांनी नाव काढलं ते कानावर. घरात कुणी गात नव्हतं, कुणी वाजवत नव्हतं, ते ऐकत. शहरात अशा माणसांना सम्मीआ म्हणतात, आणि कैरोहून आलेला मोठ्यातला मोठा गवईसुद्धा आधी त्यांच्यापुढे बसून गातो आणि मगच नाट्यगृहाकडे वळतो. गाणाऱ्यानं जागा घेतली की ऐकणाऱ्याच्या छातीतून 'अल्लाह' निघतो. तो निघाला पाहिजे, काढायचा नसतो. रुवैदाच्या आजोबांच्या काळी शेजाऱ्याचं ऐकून मागाहून 'अल्लाह' म्हणणाऱ्याला पुढच्या बैठकीचं बोलावणं जात नसे.

नझीहकाका देश सोडून गेले तेही त्यावरूनच. भर बैठकीत काकांनी 'अल्लाह' म्हटलं, आणि वस्फींनी, म्हणजे रुवैदाच्या बाबांनी, गाणं थांबवून सगळ्यांदेखत धाकट्या भावाला विचारलं, "कुणाचं तोंड बघून म्हणालास?" लोक हसले. काका उठले आणि महिन्याभरात साओ पावलोला गेले. आता केस पांढरे करून आले होते, ते स्वतःच्या शहरात हॉटेलात उतरले होते. हॉटेलात! या एका गोष्टीनं बाबा दोन रात्री झोपले नव्हते. शेवटी त्यांनीच फोन करवला: जेवायला ये, जेवणानंतर आपल्या हलबच्या शेख बक्रींचं गाणं टेपवर ऐकू.

आणि रुवैदाला तेव्हापासून धास्ती लागली होती, कारण बाबांना ऐकू येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. फोनची घंटा येई, दारावरची थाप येई. पण सुरांचा वरचा सगळा भाग गेला होता. गवयाचा श्वास, कानून या वाद्याच्या तारांची चमक, शब्दाची कड, यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नसे. ते म्हणत, "आवाजाला ऊब नाही." मग ट्रेबलचं बटण उजवीकडे पिळत. आवाज इतरांच्या कानात सुईसारखा शिरू लागे, तेव्हा कुठे त्यांना तो पुरे वाटे. पाहुणे दात आवळून बसत. हळूहळू पाहुणे कमी झाले.

तेव्हा रुवैदानं ते केलं. अँप्लिफायरच्या पाठीमागे एक लहानसं बटण होतं. ते आत दाबलं की पुढची ट्रेबल-बासची बटणं नुसती फिरत, आवाजात काही फरक पडत नसे. तिनं ते दाबून टाकलं. त्या शुक्रवारी बाबांनी नेहमीसारखं ट्रेबल पार उजवीकडे नेलं, डोकं कलतं करून वाट पाहिली, आणि म्हणाले, "हां. आता आली ऊब." तिनं तोंड फिरवलं. आपण लहान मुलाच्या हातात खुळखुळा दिला असं तिला वाटलं. पण पाहुणे परत येऊ लागले.

पाहुणे आले म्हणजे 'अल्लाह' आला. त्याचीही सोय तिनंच केली, पण त्याबद्दल बापलेकीत कधी एक शब्द झाला नाही. ती दाराजवळच्या ठेंगण्या स्टुलावर बसे. जागा आली की तिचे डोळे मिटत. बाबा तिच्याकडे बघत असत, आणि म्हणत, "अल्लाह." मुलाच्या नावावरून बाबांना अबू मुंझिर म्हणत. शहरात लोक बोलत, अबू मुंझिरचा कान अजून तसाच आहे हो! ते ऐकताना रुवैदाला आत कुठंतरी गुदगुल्या होत, कारण तो कान तिचा होता. आणि लगोलग स्वतःची इतकी लाज वाटे की ती कपबश्या उचलायच्या निमित्तानं आत निघून जाई.

"ताई, झालंच," मुंझिर म्हणाला. "आता फक्त हा अँप्लिफायर खालच्या फळीवर घेतो. वर ठेवला की हादरतो."

"मुंझिर..."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

मशिदीतून बाबा आले होते, त्यांच्यासोबत त्यांचे जुने मित्र साबणवाले हाजी सबरी, आणि त्या दोघांच्या मागे, पायरीवर जरा थांबून, नझीहकाका. हातात मिठाईचा मोठा डबा, परक्याच्या घरी नेतात तसा.

"या काका," रुवैदा म्हणाली.

काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू रुवैदा. पडद्यामागे बसून ऐकायचीस."

"अजूनही दाराशीच बसते ती," बाबा मोठ्यानं म्हणाले. हल्ली ते सगळंच मोठ्यानं म्हणत. "ये, नझीह. आत ये. घर काय विसरलास?"

"घर नाही विसरलो, दादा. जिने विसरलो होतो. तीन मजले चढलो की आठवलं."

सगळे गरजेपेक्षा जास्त हसले.

जेवण बरं झालं. काकांनी कबाब दोनदा घेतला. ब्राझीलमध्ये चेरी मिळत नाही का, असं हाजींनी विचारलं. मिळते, पण तिला हलबची आंबट जीभ नसते, असं काका म्हणाले. बाबांनी निम्मं ऐकलं आणि सगळ्याला मान डोलावली. एकदा काकांनी विचारलं, "वहिनी शेवटी फार आजारी होत्या का?" आणि बाबा म्हणाले, "हो, हो, घे ना, अजून घे." सौसननं चटकन पुढे होऊन काकांच्या ताटात कब्बे वाढले.

"वर्षभर अंथरुणावर होत्या, काका," ती हळूच म्हणाली. काकांनी भावाकडे बघितलं, मग ताटाकडे.

रुवैदानं बाबांकडे पाहिलं. जेवतानाच असं झालं तर बाहेर काय होणार? पण बाहेर सगळं बांधून ठेवलं आहे, असा तिनं मनाला धीर दिला. बटण दाबलेलं आहे. स्टूल दाराशी आहे. टेप तिला पाठ आहे. तिच्या बाबांना आज या एका माणसासमोर मान खाली घालावी लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

ती कॉफी करायला आत राहिली. बाहेरच्या खोलीत डिझेलची शेगडी पेटली, खुर्च्या सरकल्या, हाजींनी घसा साफ केला. टेप सुरू झाल्याची खरखर आली. आणि मग स्वयंपाकघराच्या भिंतीतून असा आवाज आला, की जणू भांड्याचं बूड कुणी लोखंडी चमच्यानं खरवडतंय. शेख बक्रींचा आवाज! तो मधाळ, जाडसर, अर्धं शहर ज्यावर जीव टाकायचं तो आवाज पत्रा कापावा तसा किंचाळत होता.

कॉफी उतू गेली. ती तशीच टाकून रुवैदा बाहेर धावली, हातात रिकामा ट्रे.

बाबा अँप्लिफायरजवळच्या खुर्चीत होते. ट्रेबलचं बटण पार उजवीकडे होतं आणि त्यांची बोटं अजून त्याच्यावर होती. चेहऱ्यावर इतका आनंद तिनं कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"बघ, नझीह!" ते म्हणाले. "बघ कशी ऊब आलीये. आज तर नेहमीपेक्षा जास्त!"

"अल्लाह!" हाजी सबरींनी डोळे घट्ट मिटले होते. "अल्लाह, अबू मुंझिर! मध आहे मध!"

"अल्लाह," मुंझिर पुटपुटला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सौसनचा हात कानाकडे गेला होता. तो तिनं तसाच वर नेऊन डोक्यावरचा रुमाल नीट केला.

शेखांनी पुन्हा 'या लैल', हे रात्री, अशी आळवणी घेतली, आणि पुन्हा हाजी म्हणाले, "अल्लाह!"

नझीहकाका काही म्हणाले नाहीत. ते स्वतःच्या हातांकडे बघत बसले होते.

बाबांचे कान गेले असतील, डोळे शाबूत होते. खोलीतला एकच बंद चेहरा त्यांनी लगेच टिपला.

"काय रे? कान ब्राझीलमध्ये विकून आलास?"

"नाही, दादा."

"मग?"

"प्रवासाचा शीण असेल," हाजी म्हणाले.

"त्याला बोलू द्या, हाजी. बोल, नझीह."

काकांनी मान वर केली. खोटं बोलणं किती सोपं होतं! आणि या घरातून एकदा हाकलला गेलेला माणूस ते या घरात कसं बोलणार होता?

"टोचतंय, दादा," ते म्हणाले, मोठ्यानं, म्हणजे भावाला ऐकू जाईल असं.

"काय टोचतंय?"

"आवाज."

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. "हाजी, तुम्हाला टोचतंय?"

"छे! कोण म्हणतं?"

"मुंझिर?"

मुंझिरनं गालिच्यातली एक फुली शोधून तिच्यावर डोळे लावले. "नाही, बाबा."

"रुवैदा?" बाबा दाराकडे वळले. "तू सांग. तू सांगशील ते मी मानेन."

टेप किंचाळतच होती. रुवैदाला वाटलं, जमीन दुभंगावी. तिनं ट्रे खाली ठेवला, खोली ओलांडली, बाबांच्या खुर्चीमागे वाकून अँप्लिफायरच्या पाठीमागे हात घातला आणि ते लहानसं बटण शोधून दाबलं.

शेख बक्री परत आले. आवाज खाली बसला, रुंद झाला, खोलीत पसरला. हाजींचे खांदे सैल पडले. सौसननं इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. काकांच्या कपाळावरच्या आठ्या उलगडल्या.

बाबांनी हे सगळे चेहरे बघितले. त्यांच्या दृष्टीनं आवाज नुकताच कुठंतरी रजईखाली गेला होता. त्यांनी ट्रेबलचं बटण डावीकडे नेलं, पार शेवटापर्यंत, आणि चेहऱ्यांकडे पाहिलं. एकही चेहरा हलला नाही. मग उजवीकडे, पार शेवटापर्यंत. पुन्हा पाहिलं. मग त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "टेप बंद कर."

मुंझिरनं केली.

"कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले," रुवैदा म्हणाली.

"तू केलंस?"

"हो."

"बाबा, मला काही ठाऊक नव्हतं," मुंझिर घाईघाईनं म्हणाला. "मी आज खाली ठेवताना धूळ पुसली, तेव्हा एक बटण आत गेलेलं दिसलं. मला वाटलं कुणाचा तरी चुकून हात लागलाय, म्हणून मी ते..."

"तू बोलू नको. तुला टोचत नाही ना? मग तू बोलूच नको."

मुंझिरचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आणि इथं सौसन मध्ये पडली. एरवी नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य सगळ्या जिन्याला माहीत होतं, त्यामुळे दोघीच नव्हे, सगळेच चकित झाले.

"बाबा, ताईंना बोलू नका. त्यांनी ते केलं नसतं तर..."

"तर काय?"

"तर हाजींशिवाय कुणी आलंच नसतं ऐकायला."

हे खरं होतं, आणि खोलीत कुणालाही ते ऐकायचं नव्हतं. हाजी सबरी उठले. त्यांनी जपमाळ खिशात टाकली, बाहेर काढली, पुन्हा टाकली.

"मी निघतो, अबू मुंझिर. मी... मध म्हणालो मी. वयाला शोभलं नाही मला."

"बसा, हाजी," बाबा म्हणाले. "तुम्हाला त्यासाठी घालवायचं, तर आधी मला उठावं लागेल."

हाजी बसले. बाबा रुवैदाकडे वळले. ती अजून खुर्चीमागेच उभी होती, तिला पुढे यायचा धीर होत नव्हता.

"पुढे ये. मला तुझं बोलणं दिसलं पाहिजे."

ती पुढे आली.

"तुझे डोळे मिटायचे, आणि मी म्हणायचो," बाबा म्हणाले. त्यांनी आवाज खाली आणला होता; त्यांना स्वतःला तो किती ऐकू येत होता कोण जाणे. "ते मला माहीत होतं. ते आपल्या दोघांचं होतं. त्याची लाज माझी, मी ती रोज गिळली. पण बटण? मी ते फिरवायचो आणि मला खरंच वाटायचं, की आता आलं, आता ऐकू आलं. मी अल्लाचे आभार मानायचो, पोरी. तू मागे उभी राहून ते बघायचीस?"

"बाबा, लोक येईनासे झाले होते."

"मग नसते आले."

"तुम्ही एकटे..."

"मग एकटा बसलो असतो! बहिरा म्हणून बसलो असतो. तू मला येडा करून ठेवलंस."

रुवैदा रडली नाही. रडली असती तर कुणीतरी तिला जवळ घेतलं असतं, आणि तिला तेवढीही सवलत नको होती. आपण हे बाबांसाठी केलं, असं ती दोन हिवाळे स्वतःला सांगत आली होती. पण शहरानं बाबांच्या कानाचं कौतुक करावं आणि दाराशी बसून आपण ते मनातल्या मनात आपल्या पदरात पाडून घ्यावं, हेही तिला हवं होतं. पडद्यामागच्या मुलीला दुसऱ्या कुठल्या वाटेनं ते मिळणार होतं? आता हे सगळं आपल्या तोंडावर लिहिलेलं आहे आणि खोलीतला प्रत्येक जण ते वाचतो आहे, असं तिला वाटत होतं.

बाबा भावाकडे वळले.

"मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले, "कुणाचं तोंड बघून म्हणालास."

"जाऊ दे आता, दादा."

"लोक हसले होते."

"हो. हसले होते."

"आता हस. तुझी पाळी आहे."

नझीहकाकांना हसता आलं असतं. विमानात बसल्यापासून कदाचित याच क्षणाची त्यांनी वाट पाहिली असेल. पण त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू उघडे पडले ते तेच. "मला वाटलं होतं मजा येईल," ते म्हणाले. "नाही येत." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तोंड त्याच्या समोर आणून स्पष्ट म्हणाले, "गाणं लाव, दादा. मी गाणं ऐकायला आलोय."

"मी काय ऐकणार?"

"ऐकू येईल ते."

बाबांनी मुंझिरला खूण केली. मुंझिर टेपकडे गेला. रुवैदा ट्रे उचलून आत जायला निघाली.

"तू बस," बाबा म्हणाले. "तुझ्या जागेवर."

ती दाराशी गेली, स्टुलाजवळ थांबली. तिथं बसलं की ती बाबांच्या समोर, सरळ डोळ्यांसमोर येणार होती. तिनं स्टूल उचलून उलटं फिरवलं आणि खोलीकडे पाठ करून, भिंतीला तोंड करून बसली.

टेप सुरू झाली.

शेख बक्रींनी 'या लैल' घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं. आवाज खरंच उबदार होता. मुंझिरच्या गालिच्यांनी आणि पडद्यांनी काम केलं होतं, आणि आता त्याचं कौतुक करायचं कुणाच्या मनात नव्हतं. रुवैदाला पुढचं प्रत्येक वळण माहीत होतं. जागा जवळ येत होती: शेख वर चढतात, वाटतं की आता उतरतील, आणि ते उतरत नाहीत, तिथंच एका सुरावर उभे राहतात. ती जागा आली. तिचे डोळे आपोआप मिटले. ते बघायला समोर फक्त भिंत होती.

मागे कुणीच 'अल्लाह' म्हटलं नाही. काकांनी नाही, हाजींनी नाही. दोघांच्याही छातीत तो आला असणार, दोघांनीही दाबला. एवढी मोठी जागा आली आणि रिकामी निघून गेली. असं या घरात कधी झालं नव्हतं, आणि ते आपल्यामुळे झालं, हे रुवैदाला कळत होतं.

शेख थांबले. मध्ये नुसती वाद्यं, कानून आणि ऊद, वाजू लागली, दोन गाण्यांच्या मधली साधी भरती. अशा वेळी लोक कॉफीचा घोट घेतात, पाय मोकळे करतात. हाजींनी एक उसासा सोडल्याचा आवाज आला.

"अल्लाह," बाबा म्हणाले.

इथं कुणी म्हणत नाही. इथं म्हणण्यासारखं काही नसतं. रुवैदाच्या कानशिलांत आग पेटली. सौसनच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. हाजी खोकले. आता काका काय म्हणतात, याची सगळी खोली वाट पाहू लागली.

"कुठं, दादा?" काकांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. एका ऐकणाऱ्यानं दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं होतं.

"ऊदची खालची तार," बाबा म्हणाले. "जाड. वाजवणारा एकदाच तिला हात लावतो आणि सोडून देतो. बाकी मला काही येत नाही, नझीह. तेवढी येते."

काकांची खुर्ची करकरली. बहुधा ते पुढे वाकले होते, स्पीकरकडे, ती तार पुन्हा वाजते का बघायला.

"रुवैदा," बाबांनी हाक मारली. "तोंड इकडे कर. हा 'अल्लाह' तुझं तोंड बघून नाही म्हटला मी."

तिनं स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली. तिला वळायचं होतं. बाबा पुन्हा एकदा "रुवैदा" म्हणाले, हळू, अगदी पूर्वीच्या आवाजात, आणि तरीही तिला वळता येईना.